भाताला जमलं ते शाळूला का नाही? मंगळवेढ्याच्या पट्ट्यातलं एक प्रकरण

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. मंगळवेढ्याच्या बाजूला एका गावात, देवळाच्या मंडपात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीची बैठक होती. किलोभर बियाला ४ ग्रॅम गंधक चोळा म्हणजे काणी रोग येत नाही, ४५ सेंटिमीटरवर ओळी घ्या, हेक्टरी १० किलो बी पुरे, असं दरवर्षीचं सांगून झालं आणि चहा आला. खरी बैठक चहानंतरच सुरू होते, हा इतक्या वर्षांचा अनुभव. पस्तिशीतला एक शेतकरी उठला. आदल्याच महिन्यात तो अभ्यास सहलीबरोबर कर्जतच्या भात संशोधन केंद्रावर जाऊन आला होता.

“सर, तिथं सह्याद्री नावाचा हायब्रीड भात बघितला. फुटवे बघूनच डोळे फिरले. भातात जमतंय, मग आपल्या शाळूत का जमंना?”

मी तोंड उघडायच्या आत खांबाला टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, “हायब्रीडचं नाव काढू नगंस बाबा. बैल तोंड लावत न्हाई कडब्याला.”

मंडप हसला. मीही हसलो आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. पुढं हेच प्रकरण मी वर्गात नेलं. मुलांना सांगायचो, पुस्तक मिटा आणि या माणसाला सांगा, संकरित बियाण्याची पिशवी घ्यायची की नाही.

त्याच्याकडे एकूण ८ एकर. विहिरीखाली दीड एकर, खोल काळी ३ एकर, उरलेली मध्यम ते हलकी, कुदळ मारली की हातभरावर मुरूम लागणारी. दावणीला दोन बैल, एक म्हैस, एक गाय. घरात सहा माणसं, दोन्ही वेळेला भाकरी. थोडी ज्वारी घरात ठेवून बाकीची बाजारात, आणि कडबा गरजेपुरता ठेवून उरलेला विकायचा. दुष्काळी वर्षी तर कडब्यालाच सोन्याचा भाव. हा सगळा तपशील लक्षात ठेवा. पुढं सगळं यावरच येऊन अडतं.

१९६४ साली दोन ठिकाणी

गंमत अशी की संकराच्या शर्यतीत ज्वारी भाताच्या पुढं होती. १९६४ मध्ये भारतात सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याच वर्षी चीनच्या हुनान प्रांतात युआन लाँगपिंग नावाचे शिक्षक भाताच्या शेतात नर-वंध्य, म्हणजे पराग निकामी असलेलं, झाड शोधत लोंब्या तपासत फिरत होते. भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, अशा पिकात संकरजोम, म्हणजे संकराचा आईबापापेक्षा जास्तीचा जोम, मिळत नाही, असं तेव्हाची पुस्तकं सांगत होती. युआन यांचं ऐकायला फारसं कोणी तयार नव्हतं.

ज्वारीचं तसं नव्हतं. तिचा पराग वाऱ्यानं उडतो, काही प्रमाणात परपरागीकरण निसर्गतःच होतं, आणि ज्याचा पराग निकामी आहे असं मादी झाड अमेरिकेत १९५४ मध्येच मायलो आणि काफिर या ज्वारींच्या संकरातून हाती आलं होतं. भाताचं फूल उघडतं सकाळी उशिरा, तासभर, आणि परागाचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. तिथं बाहेरचा पराग आत शिरणार कसा?

१९७० मध्ये हैनान बेटावर युआन यांच्या सहकाऱ्यांना एक रानटी भाताचं झाड सापडलं, ज्याचा पराग वांझ होता. त्यावरून तीन ओळींची पद्धत उभी राहिली. एक ओळ वांझ मादीची. दुसरी त्या मादीचा वंश पुढं चालवणारी, कारण वांझ झाडाला वंश टिकवायला तिच्यासारखाच पण सुपीक परागाचा भाऊ लागतो. तिसरी, जिचा पराग पडला की पुढच्या पिढीत सुपीकता परत येते. १९७३ मध्ये तिन्ही ओळी जुळल्या, १९७६ पासून मोठ्या क्षेत्रावर लागवड सुरू झाली, आणि पुढं चीनच्या निम्म्याहून जास्त भातक्षेत्रावर संकरित भात उभा राहिला. उत्पादन साधारण २० टक्के जास्त.

हे सगळं वाचायला सोपं वाटतं, पण बीजोत्पादनाच्या शेतात उभं राहून बघावं. नराच्या दोन ओळी, मादीच्या आठ. दोघांचा फुलोरा एका दिवशी यावा म्हणून पेरणी मागंपुढं करायची. मादीची लोंबी पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणातून, पूर्ण बाहेर यावी म्हणून जिबरेलिक आम्ल फवारायचं. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत दोन माणसं दोराची दोन टोकं धरून नराच्या ओळींवरून ओढत जातात, पराग उडावा म्हणून. दिवसातून तीन-चार वेळा. एवढं करूनही हेक्टरी बी मिळतं ते दीड-दोन टन. म्हणून पिशवी महाग. संकरित भाताला हेक्टरी १५ किलो बी लागतं आणि साध्या वाणाला त्याच्या कितीतरी जास्त, पण साधं बी घरचंच असतं.

भारतात दमानं

आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९८९ मध्ये संकरित भाताचा कार्यक्रम जोरात हाती घेतला. १९९४ मध्ये आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकातून पहिले वाण आले. आपल्या कर्जतचा सह्याद्री १९९८ चा. त्या काळातली भाषणं आठवली तर वाटतं, वीस वर्षांत भारत चीन होणार, यावर शास्त्रज्ञांचा विश्वासच होता. झालं ते वेगळं. आज संकरित भात देशातल्या भातक्षेत्राच्या दहा टक्क्यांच्या आतच आहे.

का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. चर्चासत्रांच्या जेवणाच्या रांगेत मी हे वाद इतक्या वेळा ऐकलेत की कोण काय म्हणणार हे ताटावरून ओळखता येईल. नवे वाण काढणारा पैदासकार म्हणतो, बुटक्या वाणांची चढण संपली, आता वर जायचं तर संकरच. दुसरा पैदासकार, सरळ म्हणजे संकर नसलेल्या वाणांवर काम करणारा, म्हणतो, तेवढाच पैसा आणि तेवढीच वर्षं आम्हाला द्या, आम्ही बी घरी ठेवता येईल असा वाण देऊ. अर्थतज्ज्ञ दोघांनाही गप्प करतो: क्विंटल वाढले पण बाजारात दर पडला, गिरणीत तुकडा जास्त पडला, तर शेतकऱ्याच्या हातात काय उरलं?

अर्थतज्ज्ञाचं म्हणणं नुसतं तर्काचं नव्हतं. पहिल्या पिढीच्या बऱ्याच संकरांची आई एकच होती, आयआर-५८०२५ए. तिचा हलका वास आणि शिजल्यावरची चिकट पोत पोरांमध्ये उतरली. दक्षिणेतल्या खाणाऱ्याला मोकळा, सुटा भात लागतो. आंध्रात, तमिळनाडूत हे संकर त्यामुळंच मागं पडले.

इथं मी मुलांना नेहमी थांबवतो, कारण पुस्तकात हा मुद्दा एका ओळीत उरकलेला असतो. संकरित बी पेरल्यावर शेतकऱ्याला जे झाड दिसतं ती पहिली पिढी. ते एकसारखं, रुबाबदार. पण त्या झाडावर जो दाणा भरतो, तो दुसऱ्या पिढीचा. पहिल्या पिढीत एकत्र आलेले आईबापाचे गुण या दाण्यात पुन्हा सुटे होतात. एकाच लोंबीत एक दाणा आईच्या वळणाचा, दुसरा बापाच्या, तिसरा मधलाच. शिजताना एक मऊ होतो, एक कोरडा राहतो. आईबापाच्या दाण्यांचा पोत मिळताजुळता नसेल तर पोतं एक, पण आत जत्रा भरलेली. शेतकरी झाड विकत घेतो, पण खातो आणि विकतो ती त्याची लेकरं.

मग संकरित भात टिकला कुठं? उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, छत्तीसगड. पंजाबात नाही, गोदावरीच्या खोऱ्यात नाही. माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली इथं आहे. जिथं सरळ वाण आधीच भरघोस होते आणि बाजार पोताबद्दल चोखंदळ होता, तिथं संकराला जागाच नव्हती. जिथं जुनं उत्पादन कमी होतं, पाऊस बऱ्यापैकी पडतो, भात उकडा करून किंवा घरात खाल्ला जातो, तिथं संकराच्या जोमाला वाव मिळाला. संकर ‘प्रगत’ शेतकऱ्याचा असतो, हा समज भातानं खोटा पाडला.

आता शाळूकडं

सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. मोहोळच्या केंद्रावर मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात काढला गेला. म्हणजे नव्वदीच्या घरातला वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापुरात रब्बी ज्वारीचं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र आहे. खरिपात संकरित ज्वारीनं एकेकाळी महाराष्ट्र व्यापला होता. रब्बीचेही संकर आले, सीएसएच-१५ आर, सीएसएच-१९ आर. तरी शेतात अजून मालदांडीच, आणि तिच्या बरोबरीनं राहुरीच्या विद्यापीठाचे सरळ वाण.

आजोबांचं ‘हायब्रीड’ वेगळं होतं, हे आधी सांगायला हवं. त्यांच्या डोक्यात होती खरिपातली हायब्रीड: पावसात सापडली की दाणा काळा पडणारी, भाकरी थापताना चिरणारी. शिवाय १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. तो काही आपला संकर नव्हता, पण आठवणीत दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. तिथूनच मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द शिवीसारखा झाला. नाजूक पोराला ‘हायब्रीड’ म्हणतात ते काही कौतुकानं नाही. शास्त्रज्ञ याला पूर्वग्रह म्हणतात. मी म्हणेन, ताटात मिळालेला अनुभव लोक विसरत नाहीत.

पण पूर्वग्रह बाजूला ठेवला तरी अडचण उरते, आणि ती जमिनीत आहे. शाळू पावसावर वाढत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये पेरला की पुढं बहुतेक वर्षी आभाळ कोरडं. काळ्या मातीच्या थराची जेवढी खोली, तेवढीच शिदोरी. संकरजोम म्हणजे जास्त पानं, जास्त भूक, मोठं कणीस. शिदोरी तेवढीच असेल तर ही भूक उलटते. दाणा भरायच्या वेळी ओल संपते, झाड खोडातला साठा कणसाकडं ओढतं, खोड पोकळ होतं, खडखड्या रोग लागतो आणि उभं पीक लोळतं. मोठं कणीस जितकं आशेचं, तितकंच धोक्याचं. मालदांडी कंजूष आहे, आणि या मातीत कंजुषी हा गुण आहे.

त्यात थंडी. शाळू फुलोऱ्यात येतो तेव्हा रात्री गारठा असतो. वांझ आईच्या पोटी आलेल्या संकरात सुपीकता परत आणणारा गुण थंडीत अडखळला की पराग नीट तयार होत नाही आणि कणसात दाणे विरळ भरतात. खरिपातल्या संकराला हा प्रश्न कधी पडलाच नाही. खोडमाशी आणखी वेगळी. खरिपाच्या संकरांचं रक्त परदेशी बुटक्या ज्वारींचं. ते रब्बीत आणलं की या माशीनं पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा शेंडा, मरायला लागतो. बरं, आई आणि बाप दोन्ही मालदांडीच्या कुळातले घ्यावेत, तर थंडी, माशी, दाणा सगळं जमतं, पण दोघं एकाच घरातले, त्यामुळं जोमच निघत नाही. जोम हवा तर लांबचं स्थळ शोधावं लागतं आणि लांबचं स्थळ आणलं की भाकरी बिघडते. पैदासकार या कात्रीत वर्षानुवर्षं अडकलाय. वर आणखी एक थट्टा: नर-वंध्यत्व देणाऱ्या ज्वारींच्या यादीत खुद्द मालदांडीच आहे. पण तिच्यातून आलेला वांझपणा दूर करणारा बाप मिळणं इतकं दुर्मिळ की ती आई वापरात आलीच नाही.

म्हणून भाताचं उदाहरण शाळूला उलटं लागू पडतं. भातात अडचण बियाण्याची होती: फूल बंद, पिशवी महाग. खाणाऱ्याचा प्रश्न नंतर आला. ज्वारीत बी करणं तुलनेनं सोपं, एकराला चार किलो लागतं, पिशवीच्या किमतीनं कोणाचं घर बुडत नाही. अडचण आहे ती भाकरी, कडबा आणि ओल यांची.

आणि कडबा हा केवळ उपउत्पादन नव्हे. आपल्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण बुडखाही वाया घालवायचा नसतो. उंच, रसाळ, पानं टिकलेल्या ताटाची पेंढी हा शेतकऱ्याच्या हिशोबाचा मोठा भाग. उपटायला मजूर मिळत नाहीत, म्हणून यंत्रानं काढता येईल अशी बुटकी ज्वारी हवी, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. बरोबरच आहे. फक्त मग म्हशीला काय घालायचं, तेही त्यांनीच सांगावं.

वर्गात दरवर्षी एखादं पोरगं विचारतं, संकराचं बी घरी का ठेवता येऊ नये? कायद्यानं आडकाठी नाही. २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखायचा हक्क देतो. आडकाठी निसर्गाची आहे, दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. भातशास्त्रज्ञ आर. एच. रिछारिया यांनी फार पूर्वी वेगळी वाट सुचवली होती: चांगल्या झाडाचे फुटवे वेगळे करून लावत जा, बियाची गरजच नाही, जोम तसाच राहतो. बियाण्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये, असा तो विचार होता. तो मागं पडला. पण २०१८ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटानं भाताच्या जनुकांत बदल करून, फलनाशिवाय बी धरणारं झाड दाखवलं, म्हणजे संकराचं बी पुन्हा संकरच. हे जर शेतापर्यंत आलं तर पिशवीचा व्यापारच बदलेल. शाळूपर्यंत यायला किती वर्षं, यावर मी पैज लावणार नाही.

एक सावधगिरीही सांगतो. १९७० मध्ये अमेरिकेत मक्याच्या बहुतेक संकरांची आई एकाच प्रकारची होती. एक करपा तिच्यावर नेमका बसला आणि देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. चीनचा संकरित भातही सुरुवातीला मुख्यतः त्या एका रानटी झाडाच्या वंशावर उभा होता. सगळी मदार एका आईवर ठेवणं धोक्याचं.

त्या शेतकऱ्याचं काय झालं

तो ऐकून गप्प बसणारा नव्हता. त्यानं विहिरीखालच्या दीड एकरातल्या एका एकरात संकरित बियाणं घेतलं, खोल काळीत फुले वसुधा, आणि हलक्या रानात फुले अनुराधा, हे दोन्ही राहुरीचे सरळ वाण. माझा सल्ला अर्धा ऐकला, अर्धा नाही. संकर पाण्याखाली घेतला हे शहाणपणाचं होतं, कारण त्याची भूक भागवायची सोय होती.

संकर देखणा आला. दोन पाणी दिली, थंडीत थोडे दाणे विरळ भरले, पण पोती नक्कीच जास्त भरली, यात वाद नाही. पुढचं मला त्यानं महाशिवरात्रीनंतर सांगितलं. बाजारात व्यापाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, दोन दातांखाली फोडले आणि पोती वेगळ्या थप्पीला लावली. “ही मालदांडी न्हाई,” एवढंच म्हणाला आणि दर खाली. कडबा घेणारा आला, पेंढ्या उचलून बघितल्या, जाड बुडखे बघून गेला. म्हशीनं पानं खाल्ली, ताटं गव्हाणीत ठेवली. आईनं भाकरी केली. ती फाटली नाही, गरम असताना चांगली लागली. पण सोलापूरला कडक भाकरी महिनाभर टिकते आणि तिचाच आता धंदा झालाय. त्या कामाला आईनं वसुधा बाजूला काढली.

त्यानं हिशोब लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर केला होता, तो मला दाखवला. एका बाजूला जास्तीची पोती, दुसऱ्या बाजूला दर, कडबा आणि दोन पाण्यांचं वीजबिल. शेवटी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. पिशवीची किंमत एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. भातवाला शेतकरी हा आकडा सगळ्यात वर लिहिल, असं माझ्या मनात आलं.

पुढच्या सप्टेंबरला त्याच मंडपात बैठक झाली. आजोबा त्याच खांबाला टेकून. “काय रं, तुझा भात काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

“भात कर्जतला बरा हाय, आप्पा.”

विहिरीखालच्या रानासाठी तो या वेळी फुले रेवतीचं बी घेऊन गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, सोलापूरच्या केंद्रात नवीन काही संकर आला तर कळवा. बांधाकडेच्या दहा ओळी मी मोकळ्या ठेवतो. पोत्याचं नंतर बघू, आधी म्हशीपुढं टाकतो.